फोटोतली लांबट टिकली

बाबूजी, मागच्या मे महिन्यात मी कामासाठी नवेगाव बांधच्या बाजूला गेले होते आणि तिथे एका घरात तुमचा फोटो पाहिला. तुमचा म्हणजे तुम्ही काढलेला. तोच, ज्याच्यावरून लोक तुमच्याबद्दल बोलले आणि तुम्ही कोणाला काही उत्तर दिलं नाहीत. त्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, तेव्हा सांगायचं म्हणजे कागदावर लिहायचं, एवढंच.

आधी माझं काम सांगते, कारण तुम्ही होता तेव्हा ते सुरू झालं नव्हतं. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जेल तयार करते. जेल म्हणजे पाणी पिऊन फुगलेला, भिजलेल्या साबुदाण्यासारखा दिसणारा पदार्थ. त्यातले काही जेल असे असतात की आजूबाजूला काही बदललं की आपला आकार बदलतात. कोणी आंबट पाण्यात आकसतो, कोणी साखरेनं फुगतो. मी ज्याच्यावर काम करते तो गार असताना फुगलेला आणि पारदर्शक राहतो, तापला की आकसून पांढरा पडतो. पुन्हा गार झाला की पुन्हा फुगतो. आम्ही त्याची दारं बनवतो. काचपट्टीएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, त्याला चिप म्हणतात. त्यात केसासारख्या बारीक नाल्या कोरलेल्या असतात आणि त्यांतून रक्ताचा एक थेंब तपासणीसाठी फिरवायचा असतो. एवढ्या बारीक नालीत तोटी कुठे बसवणार? म्हणून नालीत जेलचा खांब उभा करायचा. तो फुगलेला असेल तर नाली बंद, आकसला तर उघडी. थोडी ऊब दिली की दार उघडतं. आमची चिप सिकलसेलच्या तपासणीसाठी आहे. आपल्या भागात त्या आजाराची घरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

हा खांब कसा उभा करतात ते पाहिलं असतं तर तुम्ही हसला असता. नालीत पातळ रसायन भरायचं, वर काळी फिल्म ठेवायची, तिच्यात जिथे खांब हवा तिथे पारदर्शक ठिपका. वरून दिवा लावायचा. ठिपक्याखाली उजेड पडतो तेवढंच घट्ट होतं, बाकीचं धुऊन टाकायचं. खोलीत पिवळा दिवा असतो, तुमचा लाल होता. पहिल्यांदा ते काम शिकवणाऱ्यांनी मला विचारलं होतं, तुमचा हात आधीपासून बसलेला कसा? मी म्हटलं, घरी डार्करूम होती. आणि तुमच्या फिल्मवर, कागदावर जो थर असायचा, तोही एक जेलच होता. जिलेटिनचा. हे मला एमएस्सीला असताना पुस्तकात वाचायला मिळालं, पण तो थर कसा वागतो ते मी त्याआधी आपल्या मोरीत पाहिलं होतं.

आपली डार्करूम म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली धानाची कोठी. खिडकीला काळं कापड, आत एक टेबल, बस. पाणी तिथे नव्हतं, म्हणून फिल्म धुणं स्वयंपाकघराच्या मोरीत. एका तारेवर आईची फडकी आणि त्याच तारेवर चिमट्यांना लटकलेली लोकांची लग्नं. फोटो पक्का करायच्या औषधाकडे बोट दाखवून आई म्हणायची, "एक दिवस तुमचा हायपो वरणात पडन, अना सगळं घर गोरं होऊन जाईल." तुम्ही म्हणायचात, "पडू दे. वरणाले चव तरी येईल." काका शेतावरून यायचा, कोठीच्या दारावर थाप मारायचा. "काय गा दादा, धान पिकवणाऱ्याच्या घरचा माणूस तू, अना अंधारात बसून पाणी हालवून राहिला." आतून तुमचा आवाज यायचा, "दार उघडलं तं तुझ्याच लग्नाचा फोटो काळा होईल." मग तो मुकाट्यानं जायचा.

उन्हाळा तुमच्या कामाचा वैरी होता. लग्नं सगळी उन्हाळ्यात आणि पाणी सगळं गरम. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून पोत्यात गुंडाळून ठेवायचात, घमेल्यात तुकडे टाकून पाणी गार करायचात. मी एकदा ओली फिल्म बोटांनी धरली तेव्हा तुम्ही केवढ्यानं ओरडला होतात. "तापलेल्या हातानं धरतेस? थर बोटाले चिकटून येईल. जा, माठात हात बुडवून ये." कॉलेजात जाणाऱ्या मुलीला असं बोललात म्हणून आईला राग आला. मी माठात हात बुडवून आले. तुम्ही चिमटा माझ्या हातात दिलात.

तो फोटो काढलात त्या वर्षी मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन गोंदियाहून घरी आले होते. एका सकाळी जवळच्या खेड्यातला एक माणूस सायकल घेऊन दारात उभा. त्याची भावजय गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. असं बोलावणं तुम्हाला नेहमी यायचं. माणूस जिवंत असताना फोटो काढायची आठवण कोणाला राहत नसे, मग नेण्याआधी धावाधाव. मयताला भिंतीला टेकवून बसवायचे, मागे दोघांनी पांढरी चादर धरायची, तुम्ही तो दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरून वाकायचात. नंतर छापलेल्या फोटोवर बारीक कुंचल्यानं मिटलेल्या डोळ्यांच्या जागी उघडे डोळे काढायचात. ते काम करताना कोणाशी बोलत नसायचात. तेरावीला त्या फोटोला हार घालायचे.

तुम्ही दुपारी परत आलात. त्या दिवशी कारखान्यात लाईट नव्हती, बर्फ नव्हता. थांबता आलं असतं. पण मयताची फिल्म घरात तशीच पडून राहिलेली तुम्हाला आवडत नसे. माठाच्या पाण्यात तुम्ही फिल्म डेव्हलप केलीत, ती नीट आली. मोरीजवळ उजेडाकडे धरून पाहिलीत, मीही पाहिली. निगेटिव्हमध्ये माणूस ओळखू येत नाही, चेहरा काळा आणि केस पांढरे, पण सगळं जागेवर होतं. उरलं फक्त धुणं. त्याला पाणी भरपूर लागतं आणि माठ संपला होता. तुम्ही गच्चीवरच्या टाकीचं उन्हानं तापलेलं पाणी घमेल्यात घेतलंत. थोड्या वेळानं आईच ओरडली, "अहो, हे काय सोलून राहिलं?"

थर फिल्मवरून सुटला होता. दुधावरची साय सरकावी तसा एका बाजूनं सुटत सुटत पूर्ण मोकळा झाला आणि पाण्यावर आला. खाली नुसती कोरी पट्टी राहिली. त्या बाईचा चेहरा आपल्या मोरीतल्या घमेल्यात तरंगत होता, आणि तिला तर तोपर्यंत जाळूनही आले असतील. आईनं तोंडाला पदर लावला. तुम्ही हातानंच आम्हाला थांबवलंत. फोटोच्या फ्रेमची एक कोरी काच घेतलीत, ती तिरपी करून पाण्याखाली घातलीत आणि हळूहळू वर उचललीत. थर काचेवर आला. एक कोपरा फाटला. पाणी पिऊन तो फिल्मच्या मापापेक्षा बराच मोठा झाला होता, कडेनं सुरकुत्या पडल्या होत्या. तुम्ही वरची आणि खालची कड दोन बोटांनी धरून सुरकुत्या ओढून काढल्यात. मग मला कंपाउंडरकडून स्पिरिट आणायला पाठवलंत. त्यानं बाटली देताना विचारलं, "एवढं स्पिरिट कायले? बाबूजी पिऊन राहिले का?" मी घरी आले तेव्हा तुम्ही त्याच जागी बसला होतात. काचेवर स्पिरिट सोडलंत तसा थर आकसायला लागला. जिलेटिनमधलं पाणी स्पिरिट ओढून घेतं, म्हणून. एका बाजूची कड आत सरकताना मला दिसली. मग तुम्ही म्हणालात, "जा आता इथून सगळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी मामाच्या गावी लग्नाला गेलो. परत आलो तोवर तेरावी होऊन गेली होती. चौकातल्या आपल्या स्टुडिओत त्या फोटोची दुसरी प्रत वाळत होती. मी ती पाहिली. लांब, निमुळता चेहरा, उघडे डोळे, कपाळावर लांबट टिकली. एखादी शहरातली बाई वाटत होती. तुम्ही कात्रीनं दुसऱ्याच कोणाचे पासपोर्टचे फोटो कापत होतात.

मग बोलणं सुरू झालं. आईनं शेजारी कुठेतरी सांगितलं असेल की फिल्म सोलली. तिचा दोष नाही, तिच्यासाठी ती नवलाची गोष्ट होती. पण ते त्या खेड्यापर्यंत गेलं आणि लोकांनी सरळ हिशेब केला. फिल्म सोलली, तर मग फोटो आला कोठून? फोटोवाल्यानं गोंदियाच्या कोण्या बाईचा जुना फोटो फ्रेम करून दिला. त्या घरच्यांनाही चेहरा ओळखीचा वाटला नव्हता म्हणे. एका रात्री जेवताना काका हसत म्हणाला, "काय गा दादा, मेलेली बाई बदलून देली म्हणतात?" तुम्ही म्हणालात, "मीठ दे इकडे." त्या गावचं एकही लग्न पुन्हा आपल्याकडे आलं नाही. त्यानंतर मयताच्या फोटोला कोणी बोलवायला आलं की तुम्ही दारातूनच नाही म्हणायचात. पुढे रंगीत फिल्म आली, ती धुवायला गोंदियाला जायला लागली आणि कोठीत पुन्हा धान भरलं. मी तुम्हाला त्या फोटोबद्दल कधी विचारलं नाही. आपल्या घरात वडिलांना असं विचारायची पद्धत नव्हती.

आता मागचा मे महिना. आमच्या चिपची प्रत्यक्ष रुग्णांवर पहिली चाचणी एका आरोग्य केंद्रात ठरली, नवेगाव बांधपासून जवळच. मीच ते ठिकाण सुचवलं होतं. चिपचा डबा घेऊन गेले, सकाळी उघडून पाहिला तर सगळी दारं उघडी. रक्त न घालताच. पुण्याच्या गार खोलीत आम्ही जेल असा केला होता की साधारण बत्तीस अंशांच्या वर गेला की आकसावा. आरोग्य केंद्रातल्या खोलीतली हवाच सकाळी दहाला त्याच्या वर होती. आपल्या आमगावात वाढलेल्या बाईला हे सुचू नये, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मी तिथल्या सिस्टरला विचारलं, फ्रीजमध्ये डबा ठेवता येईल का? ती म्हणाली, "मॅडम, तो लसीचा आहे. त्यात मी माझा डबा नाई ठेवत, तुमचा काय ठेवू?" बरोबरच होतं तिचं. बाकावर एक आशाताई बसली होती, पंचावन्नच्या आसपासची, गावातल्या बायकांना तपासणीसाठी घेऊन आलेली. ती म्हणाली, "माठात ठेवा ना. आमची भाजी राहते, तुमची मशीन नाई राहणार?" तिनंच माठ आणला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं, डबा पिशवीत बांधून आत सोडला. तासाभरात जेल फुगले, दारं बंद झाली. काम झालं. पुण्यात परतल्यावर आम्ही जेलच्या कृतीत बदल केला, आता तो चाळीस अंशांच्या वर गेल्याशिवाय आकसत नाही. पण ते नंतरचं.

बायका पांगल्यावर आशाताईनं विचारलं, "मॅडम, तुमी आमच्याच बाजूच्या वाटता. कोठच्या?"

"आमगाव."

"आमगावात कोणाच्या?"

मी तुमचं सांगितलं. फोटो स्टुडिओ होता, चौकात. ती ग्लासात पाणी ओतत होती ती थांबली. मग ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला. "माहेर माझं आमगावच्या बाजूचं आहे," ती म्हणाली. "जेवाले माझ्या घरी या. मले तुमाले काई दाखवाचं आहे."

तिनं आधी जेवायला वाढलं, भात आणि तळ्यातल्या मासोळीचा रस्सा. माझं होईपर्यंत विषय काढला नाही. मग पेटी उघडली. खाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम होती. तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "ही कोण आहे, सांगा."

मी लगेच ओळखला. लांब चेहरा, उघडे डोळे, लांबट टिकली.

"ही माझी माय आहे म्हणून तुमच्या बाबूजीनं देली," ती म्हणाली. "माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं तवा. माय गेली म्हणून मी धावत गेली. तिले आंघोळ घातली, अना टिकली मी लावली. माझ्या पाकिटातली, नवीन, मोठी, गोल. मायनं जलमात लांब टिकली नाई लावली. अना ही पाहा. भाऊ म्हणे, फसवलं फोटोवाल्यानं. बाप म्हणे, चूप राहा, फोटो तं आहे. बाप होता तोवर भिंतीवर राहिली. बाप गेला तं वहिनी म्हणे, कोण्या बाईले हार घालाचा आमी? मी उचलून आणली."

"मग लावली नाही?"

"लावू कशी? पितरात काढते, पाहते, ठेवून देते. लावली अना ही दुसरी कोणी असली तं? नाई लावली अना माय असली तं?" तिनं फ्रेमच्या काचेवरून हात फिरवला. "बाई, आता रागावाची गोष्ट नाई राहिली. तुमचे बाबूजी बी गेले, माझा बाप बी गेला. तुमी तवा घरी होत्या का? खरं काय ते सांगा."

मी पाणी मागितलं. खरं सांगायचं म्हणजे तिच्या आईचा चेहरा गरम पाण्यानं सुटून एका घमेल्यात तरंगला हे सांगायचं. तेव्हा मला कळलं की तुम्ही का बोलला नसाल. तेराव्या दिवशी हार घेऊन बसलेल्या माणसांना कोण सांगणार? पण मी फक्त टिकलीकडे पाहत होते. ती नुसती लांब नव्हती. लांब टिकली टोकाला निमुळती असते, गंधासारखी. ही वर-खाली सारखी ओढलेली होती, अंड्यासारखी. आणि हनुवटी, नाक, कानातले खडे, सगळं त्याच मापानं उभं ओढलेलं होतं.

लोकांना समजावून सांगण्यासाठी मी जेलच्या काही मोठ्या चकत्या बरोबर ठेवते, शर्टाच्या बटणाएवढ्या. त्या गार पाण्याच्या डब्यात होत्या. एक काढून तिच्या ताटलीत ठेवली. ती पाहत राहिली. दोनतीन मिनिटांत खोलीच्या गरमीनं चकती पांढरी पडली आणि लहान झाली. "अई!" ती म्हणाली. मी ती परत डब्यातल्या गार पाण्यात टाकली, हळूहळू ती मोठी झाली. मग मी सांगितलं, फोटोच्या फिल्मवर असाच एक थर असतो. हा गरमीनं आकसतो, तो गरम पाण्यानं उलट फुगतो, एवढाच फरक. दुसऱ्या चकतीवर मी पेनानं लाल ठिपका काढला आणि ती दोन्ही कडांनी हळू ओढली, फार ओढली तर तुटते. ठिपका लांब झाला. तिनं माझ्या हातातून चकती घेतली आणि स्वतः ओढून पाहिली. तुटली. "तुटू द्या," मी म्हटलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. टाकीचं पाणी, काच, स्पिरिट. तुम्ही वरची आणि खालची कड ओढून सुरकुत्या काढल्या होत्या. त्या दोन कडा काचेला चिकटल्या असणार आणि स्पिरिटनं थर फक्त आडवा आकसला असणार. म्हणून चेहरा उभा लांब राहिला.

तिनं तुटलेली चकती ताटलीत ठेवली. "म्हणजे माझी माय पाण्यावर तरंगली."

"हो."

"अना तुमच्या बाबूजीनं उचलली."

"हो."

"फाटली नाई?"

"एक कोपरा फाटला होता." आम्ही दोघींनी फोटोत पाहिलं. डाव्या खांद्याशी पदराचा तुकडा कुंचल्यानं रंगवलेला होता. जवळून पाहिलं की कळत होतं, इतक्या वर्षांत तिथला रंग थोडा वेगळा पिवळा पडला होता.

"मंग आता सरळ करता येते का इले?" तिनं विचारलं.

मी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेतला. त्यात चित्राची उंची कमी करायची सोय असते, बोटानं पट्टी सरकवायची. मी ठरवलं की चेहऱ्याकडे पाहायचं नाही. तिच्या आईला मी कधी पाहिलं नव्हतं, माझा अंदाज काय कामाचा? मी फक्त टिकलीकडे पाहिलं. ती गोल होईपर्यंत उंची कमी करायची, एवढंच. ताई माझ्या खांद्याशी वाकून चेहरा पाहत होती. मी थोडं थोडं सरकवत होते. टिकली अजून लांब होती, मग थोडी कमी लांब. ती गोल झाली आणि त्याच वेळी तिनं माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली.

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. रडली नाही. एकदा दाराकडे नेऊन उजेडात पाहिला, परत आणला. म्हणाली, "डोळे नाई तिचे. डोळे तुमच्या बाबूजीचे आहेत. बाकी माय आहे."

नवा, नीट केलेला फोटो मोठा करून पाठवते असं मी म्हटलं. "पाठवा," ती म्हणाली, "पण ही बी लावते. इतकी वर्षं पेटीत राहिली बिचारी." तिनं लगेच भिंतीत खिळा ठोकला, हातोडी सापडेना म्हणून वरवंट्यानं. फ्रेम टांगली, पदरानं काच पुसली. मग स्वतःच्या पाकिटातली एक गोल टिकली काढून काचेवर, त्या लांबट टिकलीच्या वर चिकटवली. ती पुरती झाकली गेली नाही, वर-खाली थोडी दिसत राहिली. मला निरोप द्यायला ती रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "उगाच बोलले लोक तुमच्या बाबूजीले. मी बी बोलली असन. त्यायनं सांगितलं काऊन नाई?" मी म्हटलं, ते फार बोलत नसत.

पुण्याला परतल्यावर मी काकाला फोन केला. आता तो बहुतेक खाटेवरच असतो, पण कान चांगले आहेत. मी म्हटलं, "काका, तो फोटो त्याच बाईचा होता. बाबूजींनी बदलला नव्हता." तो म्हणाला, "कोणता फोटो?" मी आठवण करून दिली, मोरी, सोललेली फिल्म, ते खेडं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "असन वं. दादाचं काई ना काई सुरूच राहे." मग विचारलं, तिकडे पाऊस आला का, जेवलीस का. आई असती तर तिला सांगितलं असतं. ज्यांना बोलायचं होतं त्यांचं बोलून झालं, त्यातल्या कोणाला आता ते आठवतही नाही. नवा फोटो मी ताईला पाठवला, पोचला म्हणून तिचा फोनही आला.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. वर मी लिहिलं आहे की आपल्या घरात वडिलांना विचारायची पद्धत नव्हती. ते तसं खरं नाही. बाकी कितीतरी गोष्टी मी तुम्हाला विचारायचे. त्या फोटोबद्दल विचारलं नाही, कारण स्टुडिओत ती दुसरी प्रत पाहिली तेव्हा मलाही वाटलं होतं की ही ती बाई नाही, आणि तुम्ही काय सांगाल याची मला भीती होती.